गुलाबी दिसलं तर थांबा

१२ जानेवारी

मोजपट्टीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

नमनाला घडाभर तेल घालत नाही, काम आहे. फोन केला असता, पण पंपघरात आयुष्य काढल्यावर माझ्या कानांना आता फक्त पंपच ऐकू येतात, आणि तेही बंद असताना. म्हणून पत्र.

आमच्या गावच्या हॉस्पिटलात डायलिसिसची सोय करायचं कमिटीने ठरवलं आहे. म्हणजे मी ठरवलं आणि कमिटीच्या गळी उतरवलं. बाळंतिणींच्या वॉर्डाशेजारची खोली रिकामीच पडली आहे, चार मशीन आरामात बसतील. निधी देणारी एक संस्थाही मिळाली. पण त्यांचं म्हणणं, आधी बाहेरच्या कंपनीकडून व्यवहार्यता अहवाल आणा. इथे असं केंद्र चालेल का, टिकेल का, अडचणी काय, हे सगळं तपासून त्यात लिहायचं. त्यांनी सुचवलेल्या कंपन्यांत तुझ्या कंपनीचं नाव दिसलं आणि मी टेबलावर थाप मारली. लहानपणी आमच्याकडे आलीस की दाराची चौकट, मामीची वेणी, मांजराची शेपटी, दिसेल ते मोजत सुटायचीस. आता त्याचाच पगार घेतेस. मग मामाचंही मोज.

घरचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. मामीच्या किडन्यांनी हात टेकले आहेत. आठवड्यातून तीनदा पहाटे व्हॅनने शहरात जाते, चार तास मशीनवर पडते, आणि अंधार पडता पडता परत येते ती चोळामोळा होऊन. उरलेल्या दिवशी शिवणाचा वर्ग घेते. तो बंद कर म्हटलं की मला कात्री दाखवते. आमचा लेक, तुझा दादा, म्हणतो, घर बंद करा आणि माझ्याकडे शहरात या. पाचवा मजला. डॉक्टरही त्याच्याच बाजूचे. मी दोघांना शब्द देऊन बसलो आहे, की जूनपर्यंत इथे केंद्राचं नक्की झालं नाही तर मी स्वतःच्या हाताने घराला कुलूप लावीन.

तेव्हा 'हो' असा अहवाल लवकर लिहून टाक. घरचीच मुलगी लिहिणार म्हटल्यावर मला काळजी नाही.

तुझा मामा


२१ जानेवारी

प्रिय मामा,

काळजी कर. घरची मुलगी लिहिणार म्हणूनच कर.

अर्ज करणारा माझा मामा आहे, हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, काम तू कर, पण प्रत्येक पान माझ्या नजरेखालून जाईल आणि शेवटची सही माझी असेल. मला ते बरंच वाटलं. मी 'हो' लिहायला बसलेली नाही, 'नाही' लिहायलाही नाही. मोजायला बसले आहे. तू मात्र उतावळ्या नवऱ्यासारखा गुडघ्याला बाशिंग बांधून चार मशीनच्या जागा आखूनही मोकळा झालास.

मला तिथली वीज किती वेळा जाते ते हवं. गावातले किती पेशंट येतील, त्यातल्या प्रत्येकाशी बोलायला हवं. पण सगळ्यांत आधी पाणी. डायलिसिसला एका पेशंटमागे एका वेळी शंभराच्या वर लिटर शुद्ध पाणी लागतं. ते रक्ताच्या अगदी शेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. आपण पितो त्या पाण्यात थोडं इकडचं तिकडचं असलं तर पोट सांभाळून घेतं. रक्त सांभाळून घेत नाही.

सोबत एक बाटली पाठवते आहे. हॉस्पिटलच्या त्या खोलीतल्या नळाचं पाणी भरून पाठव. त्यातले क्षार आमच्या प्रयोगशाळेत तपासता येतील. क्लोरीन वाटेतच उडून जातो, तो मी तिथे येऊन बघेन.

मामीला सांग, माझ्या लहानपणी तिने शिवलेला झगा आता अंगाला होत नाही, पण टाकलेला नाही.

तुझी,
मोजपट्टी


३ फेब्रुवारी

चिरंजीव मोजपट्टीस आशीर्वाद.

बाटली भरून पाठवली आहे. तपासा, हवं तेवढं तपासा. हातच्या कंकणाला आरसा कशाला? या पाण्याने माझ्या कारकिर्दीत गावात एक साथ येऊ दिली नाही. रोज सकाळी नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचो, त्यात गोळी टाकायचो. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन पोचला, म्हणजे गाव सुरक्षित. तो रंग बघितल्याशिवाय मी चहाला तोंड लावलं नाही. पंपघराच्या भिंतीवर क्लोरीन टाकण्याबद्दल मी स्वतः रंगवलेली पाटी आहे, 'शंका आली तर एक माप जास्त.' माझ्या जागेवर आलेला पोरगा माझ्याच हाताखाली शिकला. तो अजून त्या पाटीला मान देतो.

पेशंट सध्या आठ आहेत. तुझी मामी, पोस्टातल्या बाई, शाळेचा शिपाई, दोन शेजारणी ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण व्हॅनमध्ये एकाच बाकावर बसतात, आणि असेच इतर. फोटोग्राफर होता, तो आता येत नाही. घरच्यांना प्रवास जमेना. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि तूही विचारू नकोस.

वीज जाते, पण जनरेटर आहे. खोली मी तीनदा धुऊन घेतली.

आता अडचण अशी काही दिसत नाही. मला तरी.

मामा


११ फेब्रुवारी

माझ्या सोन्या,

हे पत्र मशीनवरून लिहिते आहे. डाव्या हातात सुया आहेत, उजवा मोकळा. इथे सगळे झोपतात नाहीतर छताकडे बघतात. मी आज तुझ्याशी बोलते.

तुझ्या मामांनी पाठवलेली बाटली आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची आहे. मी समोरच उभी होते. म्हटलं, "अहो, तिने हॉस्पिटलचं मागितलंय." तर म्हणाले, "पाहुण्याला कुणी फुटक्या कपात चहा देतं का?" यात त्यांना लबाडी वाटलीच नाही गं. चांगलं ते पुढे करायचं, एवढंच त्यांना कळतं. पण आमचं घर टाकीच्या पायथ्याशी आहे, आणि हॉस्पिटल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, चढावर. तिथे पाणी चढत नाही तेव्हा बोअरचं पाणी मिसळतात. त्या पाण्याने चादरी धुतल्या की पापडासारख्या होतात, हे तिथली आया सांगते.

तुला वाटेल, मामी स्वतःच्याच पायावर धोंडा का मारते आहे. पाचव्या मजल्यावर मला जायचं नाही. माझा वर्ग आहे, माझ्या खिडकीतला उजेड आहे, आणि तुझे मामा तिथे चार दिवसांत वाळतील. मला हे केंद्र त्यांच्याहून जास्त हवं आहे. पण त्या मशीनवर कमिटी पडणार नाही, मी पडणार आहे. तेव्हा अहवाल माझ्याकडे बघून लिही. माझ्यावरच्या मायेने लिहू नकोस.

यांना मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. तू स्वतः ये आणि नळ सोड.

एक गंमत सांगते. सगळ्या गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या बायकोला दिवसाला चार पेले पाणी, तेही मोजून, आणि मोजणारा तोच. काल चौथा पेला काठोकाठ भरून आणला, तर मीच म्हटलं, "सांडू नका, तेवढंच आहे."

तुझी मामी


२ मार्च

प्रिय मामा,

येऊन गेले, तुम्ही दोघांनी माझं केलंत त्याबद्दल पत्रात काय लिहू. कामाचं लिहिते.

आता रागाव, पण पूर्ण वाच. बाटलीतलं पाणी आणि हॉस्पिटलच्या नळाचं पाणी यांचं नातं दूरच्या चुलत भावंडांइतकंच आहे. मी नळ सोडला तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास, म्हणून तिथे काही बोलले नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवलंस?

क्षार भरपूर आहेत. त्यावर यंत्र आहे, तो प्रश्न सुटतो. खरी अडचण क्लोरीनची. तुझ्या गावचा क्लोरीन प्यायला योग्य आहे, तुझी पाटीही योग्य आहे. पण तोच क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यातून रक्तापर्यंत गेला तर तांबड्या पेशी फुटतात. माणूस मशीनवरच जातो. त्यासाठी मशीनच्या आधी कोळशाचा फिल्टर बसवतात. तो क्लोरीन खातो, पण त्याची भूक कधी संपली हे तो सांगत नाही. टाकी धुतल्यावर तुमच्याकडे जास्तीचं माप पडतं, तेव्हा तर तो लवकर थकणार. म्हणून रोज, डायलिसिसच्या प्रत्येक पाळीच्या आधी, कुणीतरी फिल्टरनंतरचं पाणी तपासायचं आणि रंग आला तर पाळी थांबवायची.

आमच्या अहवालात यासाठी एक रकाना आहे, 'पाळी थांबवण्याचा अधिकार असलेली जबाबदार व्यक्ती.' तो मला भरता आलेला नाही. मशीन चालवणारा मुलगा मशीनच्या कंपनीचा, महिन्या-दोन महिन्यांनी बदलणार. सिस्टरांना मी विचारलं, "पेशंट सुया टोचून घ्यायला तयार बसलेत, कमिटीचे अध्यक्ष दारात उभे आहेत आणि पाण्याला जरासा रंग आला, तर काय कराल?" एक म्हणाली, "अध्यक्षांना विचारू." अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, "एवढं तेवढं बघून घेऊ."

बाकी सगळं जमतं, मामा. खोली चांगली आहे, आठही पेशंट येणार आहेत, जनरेटर ठीक आहे. पण हा रकाना रिकामा राहिला तर मला 'व्यवहार्य नाही' असंच लिहावं लागेल.

मोजपट्टी


९ मार्च

मोजपट्टीस.

पत्र मिळालं. दोन दिवस जेवलो नाही म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. जेवलो, पण बोललो नाही.

ज्या पाण्यावर गाव जगलं ते रक्ताला चालत नाही, हे तू बरोबरच लिहिलं असशील. तू शिकलेली आहेस आणि मी तुझे कान धरायला तिथे नाही. बाटलीचं म्हणशील तर, हो, घरचंच पाणी होतं. वरचे अधिकारी तपासायला यायचे तेव्हाही आम्ही त्यांना टाकीजवळचाच नळ दाखवायचो. कुणी कधी पुढे चालत गेलं नाही. तू गेलीस.

आता माझं ऐक. त्या रकान्यात माझं नाव लिही. पाण्यातला क्लोरीन माझ्याइतका कुणी तपासलेला नाही. नळी, गोळी, रंग, हे माझ्या हाताचं काम. रोज सकाळी पहिल्या पाळीआधी आणि दुपारी दुसऱ्या पाळीआधी मी तिथे हजर राहीन, पगार नको. अध्यक्षांना मी घाबरत नाही, मला ते काय म्हणतात ते ऐकूच येत नाही.

आणखी कोण हवा तुला?

मामा


३१ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला मी आठवडा लावला.

साहेबांना तुझं नाव पटलं होतं. म्हणून तर मशीनच्या कंपनीकडून फिल्टर आणून तालीम ठेवली. तू नळी स्वच्छ धुतलीस, पाणी बरोबर खुणेपर्यंत घेतलंस, गोळी टाकून झाकण लावून हलवलंस. तुझा हात बघून कंपनीचा माणूस माझ्या कानात म्हणाला, "यांना शिकवायला आम्हीच यायला हवं होतं का?" मला किती अभिमान वाटला ते तुला सांगता यायचं नाही.

मग फिल्टरनंतरच्या त्या पाण्याला फिकट गुलाबी रंग आला. तू नळी उजेडात धरलीस, तुझा चेहरा खुलला आणि तू म्हणालास, "छान!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी तिथेच नळ बंद केला आणि वेळ झाली असं सांगून सगळ्यांना घालवलं, कारण तुला त्यांच्यासमोर काही बोलणं मला जमलं नसतं.

मामा, तुला येत नाही असं कोण म्हणेल? पण तुझे डोळे आयुष्यभर गुलाबी रंगाला 'सगळं ठीक' म्हणत आले आहेत. त्या खोलीत गुलाबी म्हणजे थांबा. पन्नास वेळा तू आठवणीने थांबशील, आणि एखाद्या सकाळी घाईत, कुणाशी बोलता बोलता, तुझा चेहरा असाच खुलेल. त्या सकाळी खुर्चीत कोण असेल हे मी लिहीत नाही.

तुझं नाव मी खोडलं आहे. अहवाल एप्रिलअखेर जाईल. त्यात 'नाही' आहे. मला फार वाईट वाटतं आहे, पण मी बदलणार नाही.

तुझी,
मोजपट्टी


१९ एप्रिल

सोन्या,

तुझ्या मामांनी तुला उत्तर लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आज पुन्हा मशीनवरून.

तुझं पत्र वाचून ते उठले आणि नळ्यांची पेटी काढून अंगणात गेले. मला वाटलं, फेकून देतात की काय. तर जुन्या ब्रशने पेटीच्या झाकणावर रंगवत बसले. 'गुलाबी दिसलं तर थांबा.' अक्षर अजून वळणदार आहे हो त्यांचं.

तेव्हापासून आमच्या घरात नवा उद्योग सुरू आहे. खिडकीच्या कट्ट्यावर सहा नळ्या. ह्यांना पाठमोरं बसवते आणि मी प्रत्येकीत पाणी भरते. कशात आमच्या पिण्याच्या कोळशाच्या फिल्टरचं, कशात नळाचं, कशात फिल्टरच्या पाण्यात नळाचे चारच थेंब. गोळ्या टाकते आणि म्हणते, "बघा." मागे पांढरा कागद धरून त्यांनी एकेक बघायची आणि 'चालू' किंवा 'थांबा' म्हणायचं. पहिल्या दिवशी सहापैकी दोनदा 'छान' म्हणाले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा स्वतःच नळी खाली ठेवली. मी जवळ जाऊन म्हटलं, "त्या नळीत मी होते." कठोर बोलले, पण बोलले. त्यानंतर एकदाही 'छान' आलेलं नाही. आता मी जेवताना मध्येच नळी पुढे करते, वर्गातल्या बायका कलकलाट करत असतात तेव्हा करते, झोपेतून उठवून करते. परवा झोपेतच 'थांबा' म्हणाले आणि कूस बदलली. मी नळी धरलेलीच नव्हती.

दादा येऊन खोकी ठेवून गेला आहे. भांडी भरायला लाग म्हणाला. मी एका खोक्यात चिंध्या भरल्या आणि वर 'भांडी' असं लिहिलं. तो खूश झाला.

तुला अहवाल बदल असं मी सांगत नाही. मी फक्त म्हणते, तू मोजलंस तेव्हा ते तसे होते. आता पुन्हा मोज.

तुझी मामी


२७ एप्रिल

प्रिय मामी आणि मामा,

साहेबांपुढे मामीचं पत्र ठेवलं. वाचून हसले, मग गंभीर झाले. अहवाल पाठवायचा थांबवला आहे. निधी देणाऱ्या संस्थेने एक गोष्ट मान्य केली. मशीनची कंपनी एक मशीन आणि फिल्टर उसनं देणार, आणि पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष पाळ्या चालवून बघायच्या. त्यावर शेवटचा निर्णय.

माझ्या दोन अटी आहेत. पाणी तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा, असं कमिटीने लिहून सही करून द्यायचं. भीड भिकेची बहीण, तोंडी आश्वासन मला नको. आणि मी येणार नाही. मी समोर असले तर मामा माझ्याकडे बघेल. त्याने नळीकडे बघायला हवं. माझी सहकारी येईल, ती तुमच्या कुणाची कुणी नाही.

मामा, रागावला असशील तर असू दे. नाव मी पेन्सिलने पुन्हा लिहिलं आहे.

मोजपट्टी


२० मे

सोन्या,

काल पहिला दिवस होता. सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

कमिटीने त्याचा सोहळाच करून टाकला. खुर्च्या, फिती, पाहुणे. पहिली पाळी माझीच, कारण अर्ज आमचा. मी ठेवणीतले कपडे घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डायलिसिसला चालत गेले, चालत. वाटेत दोनदा टेकले, पण व्हॅनमध्ये बसले नाही. खुर्चीत बसून डावी बाही वर केली. सिस्टर सुया घेऊन तयार. दारात अध्यक्ष, त्यांच्या मागे पाहुणे, कोपऱ्यात तुझी सहकारी, तोंडाला कुलूप लावून. दादाही आला होता.

तुझ्या मामांनी फिल्टरनंतरचं पाणी नळीत घेतलं, गोळी टाकली, हलवलं. पांढऱ्या कागदापुढे धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा हलला नाही.

"गुलाबी आहे," म्हणाले.

कंपनीचा मुलगा पुढे झाला. "कुठे काका? पांढरं स्वच्छ आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावून बघितलं, त्यांनाही दिसेना. सिस्टरला दिसेना. खरं सांगते, मलाही दिसलं नाही. ह्यांनी पुन्हा नळी धुतली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा गोळी. सगळ्यांचं आपलं तेच, काही नाही, काही नाही.

"थांबा," तुझे मामा म्हणाले. "पाळी होणार नाही."

अध्यक्ष त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "अहो, पाहुणे बसलेत!"

"मग त्यांना चहा द्या."

"निधीचा प्रश्न आहे. आज नाही झालं तर ते हात वर करतील. आणि तुमचीच बायको बसली आहे ना खुर्चीत?"

"ती बसली आहे म्हणूनच नव्हे," तुझे मामा म्हणाले. "पोस्टातल्या बाई बसल्या असत्या तरी नाहीच म्हटलं असतं."

माझ्या ओठांवर आलं होतं गं, की अहो, जाऊ द्या ना, एवढासा तर रंग. सगळा उन्हाळा ज्याची वाट बघितली ते हातभर अंतरावर होतं. कपडे घालून आले होते. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड मिटून बसले, कारण त्यांना 'थांबा' म्हणायला शिकवलं ते मीच. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कदाचित जमलं नसतं त्यांना. नळी टेबलावर ठेवली, अध्यक्षांच्या सहीचा कागद तिच्याखाली सरकवला, आणि स्वतः जाऊन व्हॅन घेऊन आले. माझी बाही त्यांनीच खाली केली. शहरात पोचायला दुपार झाली, संध्याकाळच्या पाळीत जागा मिळाली. येताना वळणावर उलट्या झाल्या त्या झाल्याच. सबंध वाटेत ते माझा हात धरून बसले होते.

आज खुलासा झाला. कंपनीच्या मुलाने पाणी मोठ्या यंत्रावर तपासलं. क्लोरीन खरंच होता, चालतो त्याच्या वर. आणि का, ते ऐक. पंपघरातल्या पोराने आदल्या दिवशी टाकी धुतली, आणि उद्या उद्घाटन, बाहेरचे पाहुणे येणार, पाण्याला कुणी नावं ठेवू नये म्हणून मानाने एक माप जास्त टाकलं. फिल्टरला ते झेपलं नाही. तुझे मामा ऐकून हसायला लागले. हसता हसता खाली बसले. म्हणाले, "माझाच शिष्य तो. पाहुण्याला फुटक्या कपात चहा कसा देईल?"

मग पंपघरात जाऊन आपल्या पाटीखाली आणखी एक ओळ रंगवून आले. 'जास्तीचं माप टाकण्याआधी हॉस्पिटलला कळवा.'

दादाने मात्र रात्री खोकी मोजली. तुझे मामा त्याला म्हणाले, "जूनपर्यंत थांब. शब्द दिला आहे, पाळीन." आता ते मान खाली घालून बसले आहेत. त्यांना वाटतं, आपल्या हातानेच सगळं संपवलं.

तुझी मामी


२६ मे

प्रिय मामा,

माझ्या सहकारीने तुझ्याबद्दल दोन पानं लिहून आणली. ती कधी दोन ओळींच्या वर लिहीत नाही. तिला तो रंग दिसला नव्हता, हेही तिने प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

तुला वाटतं की तू 'नाही' म्हटलंस आणि काम बुडालं. अरे वेड्या माणसा, माझ्या अहवालात बाकी सगळं केव्हाच जमलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच, की दारात अध्यक्ष उभे असताना आणि खुर्चीत आपलं माणूस असताना 'नाही' म्हणेल असा माणूस त्या गावात आहे का. ते मला कागदावर मोजता येत नव्हतं. तू मोजून दाखवलंस.

साहेबांनी सही केली. संस्थेचा होकार काल आला. दोन अटी आहेत, एकापाठोपाठ एक असे दोन फिल्टर बसवायचे, आणि तुझ्या हाताखाली दोन सिस्टरांना तयार करायचं, मामीच्या खिडकीतल्या शाळेत. अहवालाचं शेवटचं पान सोबत जोडते. रकान्यातलं नाव आता शाईत आहे.

तू नाही म्हणालास, म्हणून मी हो लिहिलं आहे.

तुझी,
मोजपट्टी


४ जून

चिरंजीव मोजपट्टीस,
मामाचे आशीर्वाद.

पान मिळालं. मी वाचलं, मग मामीने मोठ्याने वाचलं. मला सगळं ऐकू आलं, असं ती म्हणते.

उसन्या मशीनलाच दुसरा फिल्टर जोडून काल तिची पहिली पाळी झाली. सकाळी नळीतलं पाणी कागदापुढे धरलं. काही रंग नव्हता. तिघांना दाखवलं, दोन वेळा पुन्हा केलं, शेवटी सिस्टर वैतागली. मग म्हटलं, चालू करा. चार तास मी दाराबाहेर स्टुलावर होतो. दुपारी दोघं चालत घरी आलो आणि तिने वर्ग घेतला. त्या दोन शेजारणी आता एकमेकींशी बोलतात, म्हणजे व्हॅन बंद होणार म्हटल्यावर भांडायला का होईना. फोटोग्राफरच्या घरी मी काल स्वतः गेलो. कधीमधी कुणाच्या गाडीने शहरात जात राहिला, म्हणून खंगला आहे, पण आहे. सोमवारी येतो म्हणाला.

दादाने खोकी परत नेली. 'भांडी' लिहिलेलं उघडून बघितलं आणि आईकडे असं बघितलं की मला लहानपणीचा तो आठवला.

बाटली परत पाठवतो आहे. या वेळी हॉस्पिटलच्या नळाची आहे. फिल्टरच्या आधीची, गढूळ, क्षारांची, जशी आहे तशी. तपासून घे. आणि सुट्टी काढून ये. चहा त्याच पाण्याचा करीन, फुटक्या कपात देईन, आणि तू तो मुकाट्याने प्यायचा.

तुझा मामा